काकूंचा डबा आणि कवलापूरचं गाजर

ऑक्टोबरच्या शेवटी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर गॅससमोर, धुरा-वाफेत उभं राहायचं नाही असं मुलगी बजावून गेली आणि जाता जाता इथे सांगलीत, विश्रामबागेतल्याच एका काकूंचा दुपारचा डबा लावून गेली. महिना सरला, डोळा बरा झाला, पण डबा मी बंद केला नाही. फेब्रुवारी संपत आला तरी चालूच आहे.

या खानावळीला पाटी नाही. काकूंचा डबा म्हणूनच सगळे ओळखतात. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागे स्वयंपाकघर, मधल्या बोळात डब्यांची रांग. जेवायला बसणारी बहुतेक पोरं वालचंद कॉलेजची. डबे घेणारे आमच्यासारखे, म्हणजे मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि घरात दोघंच. काकू माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील, पण मीही त्यांना काकूच म्हणते आणि त्या मला ताई म्हणतात.

गाजरावर एवढं का लिहिते आहे ते कळावं म्हणून माझ्या नोकरीचं सांगते. मी १९८७ साली आरोग्य खात्यात नेत्रचिकित्सा सहायक म्हणून लागले आणि २०२२ साली निवृत्त झाले. पहिली बारा वर्षं जत तालुक्यात गेली. दुष्काळी भाग. पावसाळा कोरडा गेला की भाजीपाला दिसायचाच नाही. भाकरी, चटणी आणि असलं तर कालवण. शाळेत डोळे तपासायला गेलं की एखादी आई दारात येऊन थांबायची आणि हळूच म्हणायची, "बाई, पोराला तिन्हीसांजेला दिसत न्हाई. ताट पुढं ठेवलं तरी चाचपडतंय." पोराची पापणी वर उचलली की बुबुळाच्या बाजूला पांढऱ्यावर फेस वाळल्यासारखा डाग दिसायचा. त्याला बिटॉट डाग म्हणतात. अ जीवनसत्त्व कमी पडल्याची ती खूण. तेव्हाही लक्ष दिलं नाही तर बुबुळ कोरडं पडतं, मऊ होतं आणि डोळा कायमचा जातो. आपल्या देशात लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस द्यायचा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत. ते पिवळं, तेलकट औषध मी चमच्याने किती पोरांना पाजलं असेल याची गणती नाही. डोस दिलेलं पोर पुढच्या भेटीला संध्याकाळी अंगणात पळताना दिसलं की पोट भरल्यासारखं वाटायचं. त्या आयांना डोसाबरोबर आम्ही सांगायचो: शेवग्याचा पाला घाला, पिकला भोपळा घाला, पपई द्या, गाजर द्या. द्या म्हणणं सोपं होतं. कसं द्यायचं, हे मात्र आम्ही नीट सांगत नव्हतो. ती चूक मला फार उशिरा कळली.

म्हणून काकूंच्या पहिल्याच आठवड्याच्या डब्यात गाजराची पीठ पेरून केलेली भाजी पाहिली तेव्हा मी जेवता जेवता थांबले. जाड किसलेलं गाजर, शेंगदाणा तेलात मोहरी, हिंग, हळदीची फोडणी, झाकण ठेवून दिलेली एक वाफ आणि वरून भाजलेलं डाळीचं पीठ. गाजराचा गोडवा होता, पण हिरव्या मिरचीने त्याला आवरून धरलं होतं. पीठ कच्चं लागत नव्हतं आणि गोळेही झाले नव्हते. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती भाजी मी दोनदा वाढून घेतली. आमच्या ह्यांना गाजर कधी आवडलं नाही. त्यांनी त्या दिवशी काही न बोलता वाटी पुसून खाल्ली.

डोळ्यांच्या दृष्टीने गाजर असंच खायला हवं. गाजरात अ जीवनसत्त्व तयार नसतं. असतं ते बीटा कॅरोटीन, ज्याने गाजराला केशरी रंग येतो. केशरी गाजराच्या १०० ग्रॅममध्ये ते साधारण ८ मिलिग्रॅम असतं. शरीर आतड्यात त्याचं अ जीवनसत्त्व करतं आणि हिशेब साधारण बाराला एक असा धरतात. त्यातलाच थोडा भाग डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशींपर्यंत पोचतो आणि तिथे ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य बनायला लागतो. अंधुक उजेडात आपल्याला दिसतं ते या द्रव्यामुळे. जॉर्ज वाल्ड यांनी डोळ्याच्या पडद्यात अ जीवनसत्त्व असतं हे दाखवलं आणि १९६७ साली नोबेल मिळालेल्या तिघांत ते एक होते. पण गाजरातलं बीटा कॅरोटीन पेशींच्या चिवट भिंतींत अडकलेलं असतं. कच्चं गाजर दोनचार वेळा चावून गिळलं तर त्यातलं पुष्कळसं तसंच बाहेर पडतं. किसलं, शिजवलं की भिंती फुटतात. आणि ते तेलात विरघळणारं आहे, पाण्यात नाही. सोबत चमचाभर तेल, तूप, दाण्याचं कूट, तीळ, खोबरं असं काही असेल तरच ते आतड्यातून नीट शोषलं जातं. जतच्या आयांना मला नेमकं हेच सांगायला हवं होतं: पोराच्या हातात नुसतं गाजर देऊ नको, भाजीत किसून घाल आणि वर थोडं कूट टाक.

काकू हे सगळं पुस्तकातून शिकलेल्या नाहीत. त्यांच्या माहेरी गाजर असंच करायचे. माहेर कवलापूरचं. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तासगाव रस्त्यावरचं कवलापूर हे आमच्याकडे गाजरासाठी ओळखलं जातं. थंडी पडली की तिथलं गाजर मंडईत येतं आणि संक्रांतीच्या आधीचे आठ दिवस तर दुसरं काही दिसतच नाही. काकूंचा भाऊ आठवड्यातून दोनदा पोतं आणून टाकतो. मी एकदा मुद्दाम सकाळी साडेआठला गेले, स्वयंपाक बघायला. जुनी सवय; ज्या घरचं खायचं त्या घरचं स्वयंपाकघर मी बघतेच. ओटा स्वच्छ होता, पिण्याच्या पाण्याला झाकण होतं, दोघी मदतनीस बायकांचे केस बांधलेले होते. गाजरं पाण्यात भिजवून ब्रशने घासत होत्या आणि सुरीने वरवर खरवडत होत्या. सोलाण्याने जाड साल काढत नव्हत्या. हे मला फार आवडलं, कारण कॅरोटीन बाहेरच्या भागात जास्त असतं आणि मधल्या फिकट, कडक गाभ्यात कमी. जून गाजर निघालं तर त्याचा गाभा काकू काढून टाकतात आणि बाहेरचा भाग किसतात. हॉटेलातली गाजरं मी पाहिली आहेत. सोलून सोलून बोटाएवढी करतात.

आमचं देशी गाजर लालसर. तो लाल रंग लायकोपिनचा, टोमॅटोत असतो तो. लायकोपिन चांगलंच, पण त्यापासून अ जीवनसत्त्व होत नाही. लाल गाजरातही बीटा कॅरोटीन असतं, पण त्या बाबतीत केशरी गाजर सहसा पुढे असतं. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या जरा नाराज झाल्या. माहेरच्या गाजराला कमी म्हटल्यासारखं वाटलं असणार. मग म्हणाल्या, "ताई, चव कुणाची बरी?" चवीला कवलापूरचंच बरं, यात मला शंका नाही. रसाळ असतं, आणि हलव्याला साखर कमी लागते. हंगाम संपला की काकू बाजारात बारा महिने मिळणारं केशरी गाजर वापरतात. दोन्ही पोटात जातं, मला आणखी काय हवं!

आता तक्रार. काकूंकडे नोव्हेंबरात एक 'बिनतेलाचा डबा' होता. पोळीला तेल नाही, भाजीला फोडणी नाही, आणि कोपऱ्यात उकडलेल्या गाजराच्या चकत्या. आमच्या ह्यांना सोळा वर्षं मधुमेह आहे, म्हणून मुलीने त्यांच्यासाठी सुरुवातीला हाच लावला होता. तीन दिवस मी पाहिलं. गाजराच्या चकत्या पाण्यात उकडून, पाणी ओतून, कोरड्याच दिलेल्या. चव नाही, आणि तेलाचा थेंब नसल्याने डोळ्यांना त्यांचा उपयोगही जेमतेम. चौथ्या दिवशी मी रिकामा डबा स्वतः परत घेऊन गेले आणि काकूंना हे समजावून सांगितलं.

"लोकंच म्हणत्यात ताई, तेल नको, तेल नको. डॉक्टरनी सांगितलंय म्हणत्यात. मी काय करू?"

म्हटलं, डॉक्टर कमी तेल म्हणाले असतील, शून्य नव्हे. चकत्या उकडायच्याच असतील तर वाफवा, आणि वरून एक चमचा दाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर घाला. तेल ओतलं असं कुणाला वाटणार नाही आणि दाण्यातलं तेल आपोआप मिळेल. दुसऱ्या दिवशीच डब्यात तसं आलं. आता त्या डब्याचं नाव 'कमी तेलाचा' झालं आहे आणि त्यात रोज चमचाभर कूट किंवा भाजलेले तीळ असतात. गिऱ्हाइकाचं ऐकून दुसऱ्या दिवशी बदल करणारी खानावळ मी तरी सांगलीत दुसरी पाहिलेली नाही.

मधुमेहवाल्या घरांसाठी दोन शब्द, कारण काकूंकडे डबे घेणाऱ्यांत अशी घरं बरीच आहेत. शिजवलेलं गाजर भाजीएवढं खायला हरकत नसते. हलवा ही वेगळी गोष्ट. आणि गाजर कितीही खाल्लं तरी मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्यांवर जे होतं ते त्याने थांबत नाही. त्याला साखर ताब्यात ठेवणं आणि वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घेणं, हेच करावं लागतं. ह्यांची तपासणी मी दर वर्षी करवून घेते. डोळ्यांना काही त्रास नसला तरीसुद्धा, कारण हा आजार सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही.

चष्म्याचंही तसंच. खानावळीच्या वाटेवर हिवाळ्यात एक रसाची गाडी लागते आणि तिच्यावर 'गाजर रस प्या, चष्म्याचा नंबर घालवा' असा फलक असतो. नंबर येतो तो डोळ्याच्या गोलाची लांबी किंवा बुबुळाची गोलाई बदलल्यामुळे. वय झाल्यावर जवळचं दिसत नाही ते भिंगाचा लवचीकपणा गेल्यामुळे. त्यात गाजराचं काही चालत नाही. मोतीबिंदूचंही तेच. मी आयुष्यभर गाजर खाल्लं, तरी साठीनंतर मोतीबिंदू आलाच आणि तो ऑपरेशननेच गेला. हे मी पोटतिडकीने लिहिते, कारण नोकरीत असताना नंबर जाईल म्हणून महिनोन्‌महिने रस पाजून मुलाला चष्म्याविना वर्गात बसवणारे पालक मी पाहिले आहेत. त्या पोराला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि मास्तर त्याला ढ म्हणत होते. शिवाय रस गाळला की चोथा निघून जातो, त्यात तेल नसतं आणि साखर मात्र पटकन अंगात भिनते. अंधारात दिसायला लागतं ही ख्याती तर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी वाढवली. त्यांच्या विमानांत रडार बसवलं होतं, ते झाकून ठेवायचं म्हणून वैमानिक गाजरं खातात असा गाजावाजा केला. ज्याच्या अंगात अ जीवनसत्त्व पुरेसं आहे त्याला जास्तीच्या गाजराने जास्त दिसत नाही. ज्याला कमी पडलं आहे त्याच्यासाठी मात्र ते खरोखर डोळे वाचवणारं अन्न आहे.

काकूंच्या टेबलावर रोज जेवणारे एक ट्रकवाले दादा आहेत. रात्रीचं चालवतात, विड्या ओढतात. त्यांनी डोळ्यांसाठी म्हणून बीटा कॅरोटीनच्या गोळ्या आणल्या होत्या, मला वाचून दाखवा म्हणाले. मी त्यांना आधी डॉक्टरांना विचारा असं सांगितलं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना या गोळ्या देऊन पाहिल्या तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला, हे १९९४ सालीच समोर आलं आहे. भाजीतल्या गाजराला ही भीती नाही. दादांनी गोळ्या बंद केल्या आणि काकूंकडे रोज एक वाटी जास्तीची भाजी मागायला लागले. विड्या अजून सुटलेल्या नाहीत. रोज विचारते.

आणखी एक गोष्ट काकूंकडे चांगली आहे: त्या गाजरावरच थांबत नाहीत. मंगळवारी शेवग्याच्या पाल्याची भाजी असते, गुरुवारी मेथी किंवा चाकवत. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी लागणारी ल्युटीन, झियाझँथिन ही द्रव्यं गाजरापेक्षा हिरव्या पाल्यात भरपूर. शेवग्याचा पाला निवडायला फार वेळ लागतो म्हणून घरी करायचं मी सोडूनच दिलं होतं. काकूंच्या भाजीत मूगडाळ असते आणि लसूण सढळ हाताने. पहिल्यांदा आली तेव्हा मला माझ्या आईची आठवण झाली.

भोगीचा डबा मात्र वेगळाच होता. आदल्या दिवशी काकूंनी फोन करून विचारलं, "ताई, बाजरीची भाकरी जमते ना सायबांना?" दुपारी डबा उघडला तर घरभर तिळाचा वास. गाजर, वांगं, पावटा, ओला हरभरा, मटार, बोरं, उसाचे दोन करवे, सगळ्याला भाजून वाटलेल्या तिळाचा आणि दाण्याचा दाट रस्सा. गाजराचे तुकडे मोठे, तरी दाबले की मोडतील इतके शिजलेले. भाकरीवर तीळ थापलेले आणि सोबत लोण्याचा गोळा. आपल्या आज्या-पणज्यांनी ऐन थंडीत गाजराला तिळाबरोबर शिजवायला लावलं. कॅरोटीन हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण डोळ्यांसाठी याहून चांगली भाजी मला करता येणार नाही. त्या दिवशी मी दुपारीच काकूंकडे गेले आणि त्यांच्या हातावर वाणाचं लुटायला आणलेलं तिळगुळाचं पुडकं दोन दिवस आधीच ठेवलं.

सगळंच गोड नाही. महिन्यातून दोन-तीनदा डबा पाऊण तास उशिरा येतो; इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी हे चालत नाही, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. आता ह्यांचा डबा पहिल्या फेरीत येतो. कोशिंबीर कधी कधी फार आधी किसलेली असते. तिला पाणी सुटतं आणि कूट ओलं होऊन बसतं. मीठ आमच्या वयाला जरा जास्त. आमटी मात्र कधी पातळ नव्हती आणि पोळी कधी वातड नव्हती.

दर सांगते. पूर्ण डबा ९० रुपये: तीन पोळ्या किंवा दोन भाकरी, दोन भाज्या, आमटी, भात, कोशिंबीर. अर्धा ६० रुपये. कमी तेलाच्या डब्याला जास्तीचे पैसे नाहीत. आदल्या रात्री आठच्या आत सांगावं लागतं. डबा स्टीलचा, आपला दिला तर त्यातच येतो. रविवारी बंद. पथ्य असेल तर फोनवर सांगू नका, एकदा प्रत्यक्ष जाऊन सांगा. काकू ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावासमोर लिहून घेतात आणि मग विसरत नाहीत.

कवलापूरचं गाजर आता संपत आलं. काकूंचा भाऊ शेवटची दोन पोती गुरुवारी आणणार आहे. त्यातलं एक लोणच्याला जाईल, मोहरीची डाळ आणि तेल घालून, आणि दुसऱ्याचा शनिवारी हलवा होणार आहे. दूध आटवून, तूप बेताचं, वर तासगावचा बेदाणा. मी माझी एक वाटी सांगून ठेवली आहे. ह्यांच्यासाठी दोन चमचे, भात कमी करून.